तीन रंग, सहा नमुने

पंख्याच्या वाऱ्यानं माझा गणिताचा पेपर उडाला आणि थेट मजीदच्या पायाशी जाऊन पडला. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी नारपोलीच्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात अब्बांचा डबा घेऊन गेले होते. शंभरपैकी एकोणीस! लुंग्यांचे नमुने विणणारा हा बी.एस्सी. झालेला माणूस कधी मान वर करून बघायचा नाही, आणि बघितलं ते नेमकं आजच.

"आठ जणांतून तिघं निवडायचे... तीनशे छत्तीस?" तो पुटपुटला. "छप्पन येतात."

"तुम्ही कोण मोठे मास्तर लागून गेलात?"

फणकारले खरी, पण रडूच आलं. वर्ष गेलं तर कॉलेज बंद आणि कुवेतच्या मामेभावाशी निकाह, असं अब्बांनी बजावलं होतं. का कोण जाणे, ते सगळं मी त्याला भडाभडा सांगून टाकलं.

तो हसला नाही. लुंगीचा एक तुकडा त्यानं पुढे धरला. लाल, हिरवा, पिवळा... पुन्हा लाल, हिरवा, पिवळा.

"हे तीन रंग मी सहा तऱ्हांनी लावले, सहा नमुने विणले. तुमच्या अब्बांनी कपडा जरा सरकवला, मग उलटा धरला – सगळे एकच! पूरा कारखाना हसला मला."

"मग?"

"तुम्ही पण तेच केलंत. त्याच तिघांना सहा वेळा मोजलंत. तीन फॅक्टोरियल म्हणजे तीन गुणिले दोन गुणिले एक, सहा. भागा सहानं."

भागलं. छप्पन!

अब्बांनी परवानगी दिली आणि ऑफिसात, दार उघडं ठेवून, शिकवणी सुरू झाली. लूमच्या खडखडाटात ऐकू यायला जवळ वाकावं लागे. माझी काही तक्रार नव्हती.

"शून्य फॅक्टोरियल एक कसं हो?"

"काहीच नसेल तर मांडायची तऱ्हा एकच... गप्प बसायचं."

"ती तुम्हाला छान जमते!"

त्याचे कान लाल झाले. मला तो इतका आवडला, की पुढची तिन्ही गणितं चुकली.

वार्षिक परीक्षेत मात्र चौसष्ट मिळाले. अब्बांनी पेढे वाटले, कुवेतला नकार कळवला. मजीद खाली मान घालून वह्या आवरत होता.

"झालं, बिल्किस. आता काही शंका?"

"एकच... तुमच्या घरून पैगाम कधी येणार?"

पेन हातातून पडलं. "अब्बा काय म्हणतील?"

"विचारलं मी! म्हणाले, नापास झालीस तर लग्न लावणार होतो, तू तर पास होऊन लग्न मागतेस! बी.कॉम. होईपर्यंत थांबेल का, विचार त्याला."

"काय?" लूमच्या आवाजात त्याला शेवटचं ऐकूच आलं नाही.

"मी बी.कॉम. होईपर्यंत थांबाल का?" मी ओरडले.

"थांबेन! तू म्हणशील तितकी वर्षं थांबेन!" तोही जीव तोडून ओरडला... आणि त्याच क्षणी लाईट गेली, सगळे लूम बंद पडले, आणि त्याचं ते वाक्य अख्ख्या कारखान्यानं ऐकलं.