दुपारी एक ते दोन

ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या, क्षमाच्या बाबतीत घडलेली. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण आधी सर्वणला तिच्या घरी जाऊन तिचा उजवा हात बघून यावा.

रात्र नव्हती. मे महिन्यातली भर दुपार होती. जागा म्हणजे डिचोली तालुक्यातलं एक कॉलेज. नाव मुद्दामच सांगत नाही.

त्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा एक आणि बायका दोन. सकाळी वर्षा, दुपारी क्षमा. दोघी अर्धवेळ. रजा नाही, विमा नाही, फंड नाही. बाळंतपणाची सुट्टी तर विचारायचीच नाही. दर जूनला नवी ऑर्डर, तीसुद्धा संस्थेची मर्जी असली तर. वर्षा एकला सुटायची, क्षमा दोनला लागायची.

मधला तास कोणाचाच नव्हता.

पण मुलांनी परत केलेली पुस्तकं जागेवर लावणार कोण? वर्षा थांबून लावायची. रोज, फुकट. हे प्राचार्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

पुस्तकं आतल्या खोलीत, सरकत्या कपाटांत असायची. रुळांवर एकमेकांना चिकटून उभी असलेली उंच लोखंडी कपाटं. टोकाचं चाक फिरवलं की दोन कपाटांमध्ये माणूस जाईल एवढी वाट उघडते. कोणी आत असताना चाक उलटं फिरलं तर संपलंच. म्हणून चाकाला हात लावण्याआधी हाक मारायची, ही तिथली रीत.

"आत कोण आसा?"

कपाटांचा ब्रेक मोडला होता. फरशी एका बाजूला खचली होती. दोघींनी सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही.

आणि एप्रिलमधल्या एका दुपारी...

क्षमा दोनला आली तेव्हा कपाटं उताराकडे घसरून मिटली होती. खालून रक्त बाहेर आलं होतं. वर्षाचा चेहरा दोन खणांमध्ये असा चेपला होता की तिच्या आईला तो दाखवलाच नाही. ओळख पटवायला नुसते पाय दाखवले.

संस्था म्हणाली, ड्युटी एकला संपली होती. मग हा कामावरचा अपघात कसा? आणि भरपाई कसली?

क्षमाला तेव्हा पाचवा महिना चालू होता. त्याआधीचं तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, पण रजा नव्हती, म्हणून ती उभी राहिली. हे सगळं माहीत असूनच प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि लिंबू सरबत पाजलं.

"चौकशीला कामगार खात्याचे साहेब येतील," ते म्हणाले. "वर्षा एकला घरी गेल्या होत्या, स्वतःच्या कामाला परत आल्या, एवढंच सांगा. जूनपासून तुम्हाला पूर्णवेळ घेऊ. पगारी रजा मिळेल."

क्षमा हो म्हणाली. मला तिचा राग येत नाही. तुम्हालाही येऊ नये.

चौकशीच्या दिवशी ती लवकर पोचली. शिपाई गोकुळदास जेवायला गेला होता. लायब्ररीत चिटपाखरू नव्हतं. अपघातानंतर आतल्या खोलीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. ती टेबलापाशी बसून साहेबांना सांगायचं वाक्य मनात घोळवत होती.

आतून आवाज आला...

टक्.

पुस्तक खणात सारल्याचा.

टक्... टक्...

गोकुळदास असेल, असं तिला वाटलं. ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि सवयीनं हाक मारली.

"आत कोण आसा?"

"हांव आसां."

मी आहे म्हणणारा तो बाईचा आवाज होता.

कोणी विद्यार्थिनी आत शिरली असणार, आणि ब्रेक तर मोडलेला. तिला बाहेर काढायला क्षमा धावली. कपाटांत एकच वाट उघडी होती. क्षमा आत घुसली.

वाट रिकामी होती.

तेवढ्यात चाक फिरलं...

कर्र... कर्र...

कपाट तिच्या अंगावर येत होतं. उताराकडे नव्हे, चढाकडे. तिनं उजवा हात आडवा घातला. कपाट हळूहळू, थांबत थांबत येत राहिलं. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. कोपराखालून हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. वरच्या खणातले जाड कोश डोक्यावर कोसळले. नाक फुटलं, तोंड रक्तानं भरलं. डावा हात तिनं पोटावर घट्ट धरला.

आणि पत्र्याच्या पलीकडून, अगदी कानाजवळ, कोणीतरी विचारलं,

"हांव कामार आशिल्लें मगो?"

"आशिल्लें," क्षमा रक्त थुंकत म्हणाली. "तूं कामार आशिल्लें, वर्षा. हांव सांगतां तांकां."

वर्षा कामावर होती हे साहेबांना सांगायचं कबूल केलं, तरी चाक थांबलं नाही.

ते थांबलं तेव्हा पत्रा तिच्या पोटाला टेकला होता.

गोकुळदासनं पहार घालून तिला बाहेर ओढलं. चाक कोणी फिरवलं, एवढंच ती विचारत होती. तो म्हणाला,

"मॅडम, चाक खंय आसा थंय? तें पोलिसांनी त्याच दिसा व्हेलां."

तिनं मान वळवून पाहिलं. वर्षाच्या अपघातानंतर पोलिसांनी नेलेल्या चाकाच्या जागी नुसतं भोक होतं.

साहेब आले तेव्हा ती रुग्णवाहिकेत होती. तिनं त्यांना आत बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. वर्षा रोज त्या तासाला काम करायची, आणि प्राचार्यांना ते माहीत होतं. वर्षाच्या आईला भरपाई मिळाली. क्षमाला जूनमध्ये ऑर्डर आली नाही. तिचा अपघातही एक ते दोनमधलाच, त्यामुळे औषधपाण्याचे पैसे संस्थेनं दिले नाहीत. मुलगी झाली, धडधाकट आहे. क्षमा तिला डाव्या हातावर घेते. उजवा कोपर आता वाकत नाही.

दुपारच्या पाळीला संस्थेनं तनया नावाची नवी मुलगी घेतली, अर्थात अर्धवेळ. क्षमाला राहवलं नाही. नंबर मिळवून तिनं फोन केला आणि जेवणाच्या सुट्टीत आतल्या खोलीत पाऊल टाकू नकोस, असं बजावलं.

आत जायची वेळच येत नाही, म्हणून तनया हसली.

"म्हाका थंय वचचेंच पडना, क्षमाताय. सकाळची मॅडम सगळीं पुस्तकां लावून दवरता."

क्षमानं फोन ठेवला. पैसे वाचवायला संस्थेनं सकाळची जागा अजून भरलेलीच नाही.

हे तनयाला सांगावं की नाही, ते तिला आजही ठरवता आलेलं नाही.