चौथा ट्रे

"दार चुकलो वाटतं," असं म्हणत तो पहिल्यांदा काचघरात आला, आणि बरोबर दार शोधायला निघायला त्याला चांगला पाऊण तास लागला.

तिचे हात तेव्हा कामात होते. टोमॅटोच्या पावणेचारशे रोपांपैकी पाण्यावाचून कोण किती दिवस तग धरतं, हे ती तीन वर्षं मोजत होती. संस्थेत तिचं नावच पडलं होतं मोजपट्टी. आता प्रत्येकाच्या पानाचा टिकलीएवढा तुकडा ट्रेच्या ठरलेल्या खळग्यात टाकायचा होता, म्हणजे हा चिवटपणा कोणत्या जनुकांतून येतो त्याचा नकाशा निघणार होता. नकाशा काढणारा हाच, संस्थेच्या भाषेत 'आकडेमोडे'. तो समोरच्या स्टुलावर बसून प्रश्न विचारत राहिला आणि ती... ती उत्तरं देत राहिली.

तीन महिन्यांनी नकाशा आला तो जवळजवळ सपाट, एकही जनुक उठून दिसेना. शुक्रवारी विभागप्रमुख मॅडमना निकाल हवा होता आणि त्यावरच तिची पुढची नेमणूक ठरणार होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

बुधवारी आकडेमोडे लॅपटॉप घेऊन हजर.

"चौथा ट्रे उलटा भरलाय. ज्यांच्या संकरातून ही रोपं आली, त्या दोन मूळ वाणांची पानं पहिल्या दोन खळग्यांत असायला हवीत, ती शेवटी निघाली. ट्रे फिरवला की सगळं जुळतं... हे बघा."

पडद्यावर सात छोट्या टेकड्या उभ्या होत्या. तिचा जीव भांड्यात पडला.

"एकही मोठी नाही," ती म्हणाली.

"अशा गुणांना एकच कारण नसतं. थोडं इथलं, थोडं तिथलं... आपल्याला कळेपर्यंत रोपानं हट्ट धरलेला असतो." त्याने चूक नोंदवायचा फॉर्म पुढे सरकवला. "कारण लिहा. सगळे 'नजरचूक' लिहितात."

तिला तो 'दार चुकल्या'चा दिवस लख्ख आठवला. कान तापले. पण खोटंच लिहायचं, तर तीन वर्षं इतकं काटेकोर मोजलं कशाला? तिने लिहिलं, 'समोरच्या माणसाला नीट दिसावं म्हणून ट्रे त्याच्याकडे फिरवला आणि तसाच भरला.'

त्याने ते दोनदा वाचलं.

"हे मॅडम वाचतील."

"वाचू देत."

"मग माझंही ऐका. मी त्या दिवशी दार चुकलो नव्हतो."

"माहीत आहे. माझ्या दारावर हातभर पाटी आहे."

तो हसला. फॉर्मचा शेवटचा रकाना रिकामा होता – पुन्हा असे होऊ नये म्हणून उपाय. त्याने स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारी मांडलं आणि सावकाश लिहिलं, 'यापुढे दोघांनी एकाच बाजूला बसावे.'

तिने खाली सही केली.