पंचावन्नला सुटणारी थरथर

कुरुळी फाट्याच्या आत, नव्या गाड्या लादलेले ट्रेलर जिथं वळताना तीनदा मागंपुढं करतात, तिथं भीमराजची पत्र्याची शेड आहे. बोर्ड नाही. ज्याच्या जीपचं स्टिअरिंग थरथरतं, तो विचारत विचारत बरोबर येऊन पोचतो. भीमराजनं एकतीस वर्षं कंपनीत पुढचे अॅक्सल तपासले, त्यामुळं त्याच्या बोटांबद्दल लोक काय वाटेल ते सांगतात. चाकणच्या चौकात ट्रेलरनं ब्रेक मारला, की मोशीत चहा पीत बसलेल्या भीमराजला त्याचं कुठलं रबरी बुश गेलंय ते कपातल्या चहावरून कळतं म्हणे. आता मोशी काही फार लांब नाही, पण तरी.

बाकीचे मिस्त्री आधी पाना हातात घेतात, हा नुसता हात लावतो. गाडी चारी चाकांवर, जमिनीवर उभी. भीमराज खाली पुठ्ठा टाकून उताणा, आणि बोटं सांध्यावर. वर सीटवर एक माणूस बसायचं आणि स्टिअरिंग जरा डावीकडं, जरा उजवीकडं, ताक घुसळल्यासारखं हलवत राहायचं. सांधा घट्ट असला की त्याच्या दोन्ही बाजू एकदम हलतात. ढिला असला की आधी एक हलते, मग तिच्या मागून दुसरी. मधली फट केसाएवढी. पण पंचावन्नच्या वेगात चाक खड्ड्यात आपटलं, की तीच केसाएवढी फट पुढची दोन्ही चाकं अशी फडफडवते की माणसाची मनगटं सुटतात.

वर बसायचं काम रंभाचं. रंभा म्हणजे भीमराजची बायको. शेडच्या मागंच घर. हाक आली की पदराला हात पुसत यायची, सीटवर चढायची आणि म्हणायची, "हं, कुणाची नाडी बघायचीय आज?"

"हलव गं."

"हलवतेच की. तुमचं बरंय अवो, झोपून काम. माझ्या बापाला सांगितलं होतं, जावई लई कष्टाळू हाय म्हणून."

दोनदा तोकडं, एकदा लांब, अशी तिची लय होती. 'बस' म्हटलं की थांबायची. आधी कंपनीच्या शिफ्टा सांभाळून आणि नंतर निवृत्तीतही, वीस वर्षं हे चाललं. मग तिचेच हात थरथरायला लागले. आधी कपबशी वाजायची, नंतर बांगड्या. पिंपरीपासून पुण्यापर्यंत डॉक्टर झाले, पण जीपचा केसाएवढा ढिलेपणा हुडकणाऱ्या माणसाच्या घरातच अशी थरथर शिरली, की तिचा सांधा कुणाला सापडेना. तरी ती सीटवर चढायचीच. "तुम्ही आता नुसतं 'बस' म्हणायचं बघा," म्हणायची. "'हलव' म्हणायचा त्रास नको. ते माझे हात बघून घेतील." भीमराज खाली पडल्यापडल्या हसायचा. उताण्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी गालावर येत नाही, थेट कानात जातं. त्यामुळं ते तिला कधी दिसलं नाही.

मागच्या डिसेंबरात ती गेली. तेव्हापासून दोन माणसांचं काम आलं की भीमराज सांगायचा, "दुसरीकडं न्या."

सोमवारी सकाळी निवेदिता आली तेव्हाही तो हेच म्हणाला. ती रावेतची, चाळिशीची, हिंजवडीत नोकरी करणारी. जीप तिच्या वडिलांची, अनंतरावांची. जुनी, कापडी टपाची, पण ठेवलेली अशी की दुसऱ्या लेकीसारखी.

"चार ठिकाणी नेऊन आणली, काका," निवेदिता म्हणाली. "एकानं चाकं बॅलन्स केली, एकानं टायर बदलले, एकानं थरथर दाबायला डॅम्पर टाकला. चौथा म्हणाला, विकून टाका."

"त्याचं ऐकायचं मग."

"रविवारी बाबांना जाऊन वर्ष होतंय. आईला ह्याच गाडीतून माळशेजला जायचंय. बाबा दर पावसाळ्यात न्यायचे तिला. मी म्हटलं कॅब करू, तर दोन दिवस जेवली नाही." ती थांबली. "मागच्या महिन्यात स्टिअरिंग हातातून सुटलं, रस्ता सरळ होता म्हणून वाचले. घाटात सुटलं तर मी आणि आई दोघी गेलो."

भीमराज जीपच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला.

"मी बसू का वर, हलवायला?"

"नको," तो एकदम म्हणाला. मग सावरून, "ठेवून जा गाडी. बघतो."

दुपारी दोनला कंपनीची शिफ्ट सुटली, बसेसचा गलका झाला आणि ओसरला. भीमराज पुठ्ठा टाकून खाली शिरला. एकट्यानं काही कळणार नव्हतं, पण सांधे बघून तरी घ्यावेत. उजव्या चाकाजवळ, स्टिअरिंगकडून आलेला दांडा जिथं चाकाच्या लोखंडी हाताला धरतो, त्या सांध्यावर त्यानं बोटं ठेवली. आणि वीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"हलव गं."

सांधा हलला.

दोनदा तोकडं, एकदा लांब.

निवेदिता परत आली असेल असं त्याला वाटलं. पाय दिसले नव्हते, पण वाटलं. तो सरपटत बाहेर आला. सीट रिकामी. शेडमध्ये कुणी नाही. फाटकाला आतून कडी.

तो पुन्हा खाली शिरला. खालचा भाग आधी, वरचा मागून. टक, टक. सांध्यावरचं रबरी टोपण नवंकोरं होतं, कुणी तरी नुसतं तेच बदललेलं, आणि आतली लोखंडी गोळी झिजून गेलेली. चारी गॅरेजांनी नवं रबर बघून हा सांधा सोडून दिला होता. भीमराजला पहिल्याच दुपारी दोष सापडला. नवा सांधा फळीवर पडलेला होता. अर्ध्या तासाचं काम.

त्यानं ते केलं नाही.

कारण ती लय रंभाच्या दुखण्याच्या आधीची होती. तिच्यात थरथर नव्हती.

संध्याकाळी निवेदिताचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "सापडत नाहीये, ताई. राहू द्या."

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी दुपारी तेच. तो खाली पडून बोलायचा. घराच्या मागच्या कढीपत्त्याला पानं फुटल्याचं सांगितलं. तिची हिरवी साडी सोजरबाईनं न विचारता नेसल्याची चुगली केली. उत्तर यायचं नाही. सांधा मात्र हलत राहायचा, 'बस' म्हणेपर्यंत. आणि 'बस' म्हणायला त्याला दिवसेंदिवस उशीर व्हायला लागला.

सोजरबाई म्हणजे भीमराजची थोरली बहीण. भावजय गेल्यापासून त्याच्याकडंच राहायची. गुरुवारी डबा घेऊन आली आणि शेडच्या दारातच उभी राहिली.

"कुणासंगं हसतुयास रं?"

"रेडिओ लावलाय, आक्का."

"रेडिओ घरात हाय. म्याच बंद करून आले." तिनं डबा खाली ठेवला, पण आत आली नाही. "भीमा, चार दिस झालं, तू जेवताना रडंना झालायस."

"मग चांगलंय की."

"व्हय. पर मला काय ते बरं वाटंना."

शुक्रवारी सकाळी त्यानं सांध्याला हात न लावता नवा, जाड डॅम्पर बसवला. डॅम्पर म्हणजे रडणाऱ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवणं, असं त्यानं आजवर शंभर जणांना ऐकवलं असेल. थरथर दबते, जात नाही. महिनाभर दबेल, मग जीप परत येईल. त्याला तेवढंच पाहिजे होतं, की ती परत यावी. आळंदीच्या रस्त्यावर त्यानं साठपर्यंत पळवून बघितली. स्टिअरिंग कसं देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखं स्थिर.

दुपारी निवेदिता आईला घेऊन दुसऱ्या गाडीतून आली. आई, पद्माबाई, खाली उतरली आणि जीपच्या बॉनेटवर तळवा ठेवून उभी राहिली.

"घाटात चालेल ना?" तिनं विचारलं.

"चालेल," भीमराज बॉनेटकडं बघत म्हणाला.

"हे असते तर तुमच्याशी तासभर गप्पा मारत बसले असते. त्यांना हातानं काम करणारी माणसं आवडायची."

भीमराजनं मान हलवली. पुसलेले हात परत पुसले.

"उद्या सकाळी नेते," निवेदिता म्हणाली, आत वाकून काहीतरी खटखट केलं, आणि दोघी गेल्या.

शेवटचं म्हणून तो खाली शिरला. महिनाभर आता भेट नव्हती.

"हलव गं."

सांधा हलला. आज लय जरा तुटक होती, हिसक्याची. रंभा चिडली की तोंडानं भांडायची नाही, स्टिअरिंगवर राग काढायची. तसं. भीमराज हसला. "बस बस," म्हणाला, "येईल की गाडी परत."

बाहेर येऊन त्यानं सहज आत बघितलं. स्टिअरिंगपासून क्लचच्या पेडलपर्यंत लोखंडी दांडा आवळलेला होता. चोरीच्या भीतीनं अनंतरावांनी घेतलेलं कुलूप. निवेदितानं सवयीनं लावलं होतं आणि किल्ली घेऊन गेली होती.

त्यानं स्टिअरिंग धरून बघितलं. तसूभर हलेना.

तो मागं सरला. मग पुन्हा पुठ्ठ्यावर आडवा झाला. एक बोट सांध्याच्या वरच्या भागावर, एक खालच्या.

"हलव."

वरचा भाग, स्टिअरिंगकडचा, गप्प होता. स्टिअरिंगच बांधलेलं, तो हलणार कसा? खालचा हलत होता. चाकाकडचा. टक, टक.

त्याच्या बोटांना हे सोमवारपासून माहीत होतं. सोमवारीही खालचा भाग आधी हलला होता. वरून कुणी हलवलं तर वरचा आधी हलतो. एकतीस वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? बोटांनी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नव्हतं.

चाकं जमिनीवर टेकलेली. अख्ख्या जीपचं वजन त्यांच्यावर. खालून दोन गडी लागले तरी ढिम्म हलायची नाहीत.

म्हणजे ती वर नव्हतीच.

अॅक्सलच्या पलीकडं, त्याच्या डाव्या हाताला, अंधार होता. तिकडं त्यानं मान वळवली नाही.

टक. टक. तोच एक सांधा. इतक्या सांध्यांमधून आठवडाभर तोच. मग भीमराजच्या लक्षात आलं. ती त्याला भेटायला आली नव्हती. ती कामाला आली होती. गाडीत दोन बायका बसणार होत्या, आणि ती सोमवारपासून बोट दाखवून सांगत होती, आणि हा तिला कढीपत्त्याच्या गोष्टी सांगत पडला होता.

त्यानं तिथूनच फोन लावला.

"ताई, खोटं बोललो मी. सांधा सापडलाय. सोमवारीच सापडला होता."

पलीकडून आलं, "का?" एवढंच.

"उद्या किल्ली घेऊन या. तुमच्यासमोर बदलतो."

शनिवारी निवेदिता आली, कुलूप काढलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. 'काका' म्हणाली नाही. भीमराजनं डॅम्पर उतरवला, जुना सांधा ठोकून काढला, नवा बसवला, नट आवळला, त्यात खिळा घालून टोकं दुमडली. नवीन सांध्यात फट नसते. फट नाही म्हणजे आधी-नंतर नाही, आणि आधी-नंतर नाही म्हणजे कोण कुठून हलवतंय ते बोटांना कधीच कळणार नाही. नट आवळताना त्याला हे ठाऊक होतं. शेवटचा पीळ त्यानं डोळे मिटून दिला.

"बसा वर," तो म्हणाला.

रंभाच्या जागेवर निवेदिता चढून बसली. तो खाली गेला, बोटं ठेवली.

"हलवा."

क्षणभर काही नाही. मग सांधा हलला. दोन्ही भाग एकदम, एकाच लोखंडाचे असल्यासारखे. टक नाही, काही नाही. पास झाली गाडी. घाटात आता हिला काही होणार नव्हतं.

दोनदा तोकडं. एकदा लांब.

भीमराजनं बोटं सांध्यावर दाबून धरली.

"काका?" वरून आवाज आला. आठवड्यातला सगळा राग त्यातून उतरला होता. "तुम्ही खालून हलवताय का? मी नुसता हात ठेवलाय."

त्यानं सांध्यावरची बोटं काढली. दोन्ही हात छातीवर घेतले.

कानाशी टायर फरशीवर घासत होता. सावकाश. डावीकडं, उजवीकडं.

"हो ताई," तो म्हणाला. "मीच हलवतोय."

आणि पुठ्ठा एका माणसापुरताच होता म्हणून तो थोडा कडेला सरकला.