विम्याचं कारण : कुत्रा

"डेस्मंड, मी आयुष्यात तीन कर्जं काढली. कंपनी म्हणते, चार."

नोरीन ड्यूहर्स्टने लिफाफा टेबलावर आपटला आणि खुर्ची ओढून बसली. तिच्यामागून तिची धाकटी बहीण मार्लीन आली. ती नेहमीसारखी खिडकीपाशी बसली आणि तिने वर्तमानपत्रातलं शब्दकोडं काढलं.

गुरुवार, एकोणतीस ऑगस्ट २०१९. दुपारचे सव्वातीन. ठिकाण इंग्लंडमधल्या बर्नलीची लायब्ररी.

डेस्मंड क्लेगने एकतीस वर्षं घरोघरी जाऊन गॅसचे मीटर वाचले होते. बर्नलीतल्या निम्म्या घरांच्या जिन्याखालचं कपाट त्याने आतून पाहिलं होतं. कोणाकडे काय दडवलेलं आहे, हे पोलिसांपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर हे कुतूहल उघड्यावर पडलं. म्हणून दर गुरुवारी तो लायब्ररीत मदतीच्या टेबलाशी फुकट बसायचा.

या उन्हाळ्यात सगळे एकाच कामाला येत. जुन्या कर्जाला गुपचूप हप्ते-विमा चिकटवला होता का, हे शोधायला. आजारी पडलात, नोकरी गेली, तर तुमचे हप्ते आम्ही भरू, असा तो विमा. कंपन्यांनी तो गरज नसलेल्यांच्या, न विचारलेल्यांच्या, एवढंच काय, आधीच निवृत्त झालेल्यांच्याही गळ्यात मारला होता. आता पैसे परत द्यावे लागत होते. दावा करायचा शेवटचा दिवस आज.

डेस्मंडने आतापर्यंत सव्वीस जणांचे कागद तपासले होते. चोवीस जणांना विमाच नव्हता. एकाचा निघाला, पण ते कर्ज शेजाऱ्याचं होतं. उरलेला उत्तर यायच्या आत वारला.

त्याने पत्र उघडलं. पहिली तीन कर्जं : विमा नाही, विमा नाही, विमा नाही.

चौथं : मे २००३. हॅलिवेल फर्निचर, अठराशे पौंड, अठ्ठेचाळीस हप्ते. विमा आहे.

"किती मिळतील?" नोरीनने विचारलं.

डेस्मंडने कागदावर आकडेमोड केली. "व्याज धरून साडेपंधराशेच्या आसपास."

नोरीनने डोळे मिटले. "बॉयलरवाल्याने चौदाशे ऐंशी सांगितलेत."

तिचा बॉयलर फेब्रुवारीत गेला. नवरा रॉनीही फेब्रुवारीतच गेला. बॉयलरचं जास्त जाणवलं, असं ती स्वतःच सांगे. उरलेला हिवाळा तिने ओव्हनचं दार उघडं ठेवून काढला होता. डॉक्टरने तिची छाती तपासली होती आणि पुढचा हिवाळा तसा काढू नका, असं साध्या शब्दांत बजावलं होतं.

"मग लिही ना लवकर," मार्लीन खिडकीपाशी बसूनच म्हणाली. "पाचला बंद करतात."

संगणकाच्या पडद्यावर दाव्याचा अर्ज होता. पहिला प्रश्न : हे कर्ज तुमचं होतं का? हो किंवा नाही. तळाला एक ओळ : माझ्या माहितीप्रमाणे वरील मजकूर खरा आहे.

"रॉनीनेच काढलं असेल माझ्या नावावर," नोरीन म्हणाली. "सोळा वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय? मी काल काय जेवले तेही आठवत नाही. हो म्हणा."

डेस्मंडने बोट उचललं. एवढ्यात त्याची नजर मूळ अर्जाच्या नकलेवर गेली. कंपनीने ती सोबत जोडली होती. विक्रेत्याने घाईघाईत भरलेली. एका चौकटीत छापलं होतं : विमा हवा असण्याचं कारण.

त्यापुढे एकच शब्द होता : कुत्रा.

डेस्मंडचं बोट हवेतच राहिलं.

"नोरीनबाई, तुमच्याकडे कुत्रा होता?"

"माझ्याकडे? कुत्रा नुसता रस्त्याच्या पलीकडून गेला तरी मी शिंकते. का?"

"सहज."

त्याने चष्मा पुसला. हे लक्षण वाईट होतं. मीटरचा आकडा जुळत नसला की तो पूर्वीही चष्मा पुसायचा.

"तुमचा घर नंबर चौदा ना?"

"लग्न झाल्यापासून."

"इथे एक्केचाळीस लिहिलाय."

"आकडे उलटे पडले असतील. विक्रेते काय, शाळेत गेलेले असतात का?"

"जन्मतारीख?"

तिने सांगितली. बरोबर होती. नोकरी : शाळेत जेवण वाढणे. तेही बरोबर. खाली सही. नोरीन ड्यूहर्स्ट. अक्षरं डावीकडून उजवीकडे फरफटलेली, लिहिणाऱ्याचाच हात ओल्या शाईवरून फिरल्यासारखी.

"इथे जरा सही करता?"

नोरीनने केली. उजव्या हाताने, स्वच्छ, सुटी अक्षरं.

"झालं का तुमचं?" मार्लीनने विचारलं. "सोळा वर्षांनी सही थोडीफार बदलतेच की. दाबा ते बटण."

डेस्मंडने मान वळवली. मार्लीन कोड्याची चौकट भरत होती. डाव्या हाताने. करंगळीची कड निळी झालेली.

"मार्लीनबाई, तुमच्याकडे तो शर्यतीतून निवृत्त झालेला कुत्रा होता ना? मीटर वाचायला आलो की हलायचाच नाही."

मार्लीनचा चेहरा उजळला. "कर्नल! अहो, आयुष्यभर पळाला बिचारा. माझ्याकडे आला आणि आठ वर्षं झोपला."

"कशावर झोपायचा?"

"कशावर म्हणजे? सोफ्यावर."

"कुठल्या सोफ्यावर?"

पेन थांबलं.

"सोफ्यासारखा सोफा," मार्लीन म्हणाली. "चार पाय असतात."

"हॅलिवेलचा?"

"मला आता बिलं आठवतात का?"

"तुमचा घर नंबर काय?"

"तुम्हाला माहितेय. एकतीस वर्षं येत होता."

"नोरीनबाईंना ऐकू द्या."

खिडकीबाहेर एक बस थांबली, कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही, बस गेली.

"एक्केचाळीस," मार्लीन म्हणाली.

डेस्मंड उठला. बसून सांगण्यासारखं हे नव्हतंच. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा मासेमारीचं मासिक चाळत होता. त्याने कानातल्या यंत्राचा आवाज थोडा वाढवला.

"मे २००३," डेस्मंडने सुरुवात केली. "हॅलिवेलच्या दुकानात एक बाई जाते. तिला सोफा हवाय, पण तिचं नाव काळ्या यादीत आहे."

"आमच्या केनेथने बुडवलेले पैसे!" मार्लीन उसळली. "मी एक पेनी बुडवली नाही!"

"तिच्या नवऱ्याने बुडवलेले पैसे. म्हणून ती बहिणीचं नाव देते. जन्मतारीख पाठ, नोकरी पाठ. पत्ता मात्र स्वतःचा, कारण पत्रं चौदा नंबरला गेली असती तर भांडं त्याच आठवड्यात फुटलं असतं. म्हणजे आकडे उलटे पडलेच नव्हते. सही डाव्या हाताची, त्यामुळे फरफटलेली. आणि मग विक्रेता विचारतो..."

तो थांबला. "मार्लीनबाई, त्याने नेमकं काय विचारलं?"

मार्लीनने पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"म्हणाला, संरक्षण हवं का? मी म्हटलं, हवंच. कुत्रा आहे."

"तुम्हाला वाटलं, सोफ्याला."

"मग कोणाला? मऊ पांढरा सोफा होता! मला वाटलं, डाग पडला तर येऊन धुऊन देतात. दोनदा फोनही केला. म्हणाले, तुमची नोकरी गेलीय का? मी म्हटलं, नाही, कुत्रा ओकलाय."

मासिकवाला म्हातारा खोकला. खोकल्यासारखं तरी केलं.

"नोरीनबाई, कर्ज मार्लीनबाईंनी तुमच्या नावावर काढलं," डेस्मंड म्हणाला. "खोट्या नावावरचा विमा कधीच एक पेनी देणार नव्हता. शिवाय तो त्यांनी मागितलाच नव्हता. या उन्हाळ्यात इतका फसवून विकलेला विमा माझ्या हाती लागला नाही. रहस्य सुटलं."

चार सेकंद त्याला फार बरं वाटलं.

नोरीनने बहिणीकडे पाहिलं नाही. पडद्याकडे पाहत राहिली.

"अठ्ठेचाळीस हप्ते," मार्लीन हळूच म्हणाली. "एकही चुकवला नाही हं, नोरीन. दोन महिने तर टोस्टवर बीन्स खाऊन काढले, पण तुझ्या नावाला बट्टा लावला नाही."

"मला सांगितलं असतंस तर मी दिलं असतं नाव."

"तू? तू शाळेत मेयरच्या नातवाला चौथी फिशफिंगर दिली नव्हतीस. तीन म्हणजे तीन."

"नियम तीनचाच होता."

"तेच म्हणतेय मी!"

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. ग्रंथपाल हुमेरा खिडक्या लावायला लागली.

"डेस्मंड," नोरीन म्हणाली, "आता इथे काय लिहायचं?"

डेस्मंडने पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. आपण काय करून बसलो, हे त्याला 'माझ्या' या शब्दापासून 'माहितीप्रमाणे' या शब्दापर्यंत जाताना कळलं.

"हो लिही," मार्लीन पुढे सरकली. "हप्ते मी भरले ना? मग मी सांगते, मला त्यातलं काही नको. बॉयलर घे. डॉक्टर काय म्हणाला ते विसरलीस का?"

"माझ्या माहितीप्रमाणे, असं लिहिलंय."

"मग?"

"मघाशी मला माहिती नव्हती."

"अगं, मग मघाचंच लिही!"

"मघाशी लिहिलं असतं तर मघाचं झालं असतं."

डेस्मंडने घसा साफ केला. "दावा मार्लीनबाईंच्या नावाने..." तो म्हणाला आणि स्वतःच मान हलवली. कर्ज त्यांच्या नावावर नव्हतं. ते त्यांचं आहे हे सिद्ध करायचं तर आधी खोटी सही कबूल करावी लागली असती.

"आणि तो विक्रेता? ते दुकान?" मार्लीनने विचारलं. "त्यांचं कोणीच काही करणार नाही?"

"हॅलिवेल दहा वर्षांपूर्वी बुडालं. आता तिथे कुत्र्यांना आंघोळ घालतात."

नोरीनने खुर्ची पुढे घेतली. एका बोटाने, सावकाश, तिने नाही निवडलं. मग पाठवा. पडद्यावर एक हसरं तोंड आलं आणि वेळ दिल्याबद्दल तिचे आभार मानून गेलं.

"मी मघाशी गप्प बसायला हवं होतं," डेस्मंड म्हणाला.

"बसायलाच हवं होतं," नोरीन म्हणाली. रागाने नाही. हवामान सांगावं तशी. तिने पत्राची घडी घातली, कोटाची बटणं लावली, ऑगस्ट असूनही अगदी गळ्यापर्यंत.

मार्लीन तिच्यामागे दारापर्यंत गेली. "नोरीन, ऐक तरी. हिवाळ्यात माझ्याकडे ये ना राहायला. वरची खोली रिकामीच आहे. माझा बॉयलर नवाकोरा आहे, सरकारी योजनेतला. सगळं घर कसं ऊबदार असतं."

नोरीन दारात थांबली.

"तो कोणाच्या नावावर घेतलास?"

मार्लीनने पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधायला लागली.

नोरीन डेस्मंडकडे वळली. त्या बॉयलरशेजारी खिळ्याला एक कार्ड लटकतं, त्यावर योजनेच्या लाभार्थीचं नाव आहे, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक्केचाळीस नंबरचा मीटर वाचताना डेस्मंडने ते वाचलं होतं.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला.