निघताना सांगायचं राहिलं

मिल्टन कीन्समधून मोटरवेला लागायचं म्हणजे एकामागून एक राउंडअबाउट. कस्तुरीला ते आता दिसतही नसत. त्या शनिवारी सकाळी मात्र प्रत्येक राउंडअबाउट तिला दोनदा ऐकावा लागला. एकदा रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅवमधल्या बाईकडून इंग्रजीत, आणि लगेच मागच्या सीटवरून आईकडून मराठीत.

"अहो, परत गोल आला. दुसऱ्या फाट्याने बाहेर पडायचंय. म्हणजे सरळच."

आईच्या शेजारी, सीटबेल्ट लावून, तांब्याचा कलश ठेवला होता. तोंडाला लाल फडकं बांधलेलं. दर उन्हाळ्यात लेकीकडे यायचे तसे बाबा यंदाही आले होते. एप्रिलच्या शेवटी, चहाचा कप हातात असताना ते गेले. माझ्या अस्थी विमानातून नाचवत नेऊ नका, जिथं असेन तिथल्या पाण्यात सोडा, असं त्यांनी पूर्वीच सांगून ठेवलं होतं. लेस्टरच्या पुढे सोअर नदीवर तशी परवानगी आहे आणि होडीही मिळते, हे कस्तुरीने शोधून काढलं. होडीची वेळ ठरवली. हे एवढं एक काम नीट पार पडावं, बाबा वाहत्या पाण्यापर्यंत पोचावेत, मग हवं तेवढं रडता येईल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

अस्थी घेऊन निघालं की वाटेतलं वळण न् वळण, पूल न् पूल गेलेल्या माणसाला सांगायचा, ही आईच्या माहेरची रीत. थांबलं की थांबलो म्हणायचं, निघताना चला म्हणायचं. वाट नवी असते, न सांगता निघालं तर माणूस मागे राहतो.

"आजोबांना असंच सांगत सांगत नाशिकला नेलं होतं," आई म्हणाली. "एस.टी.ने. शेवटी कंडक्टरच ओरडायला लागला, आजोबा, सिन्नर आलं म्हणून."

कस्तुरी हसली. आईही हसली. तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

सॅटनॅव बाबांचा होता. फोनवर त्यांचा भरवसा नव्हता. डोंगरात रेंज जाते, म्हणायचे. स्कॉटलंडला, मग बोटीत गाडी घालून फ्रान्सला आणि तिथून स्वित्झर्लंडला गेले तेव्हाही काचेला हेच यंत्र चिकटवलेलं आणि मांडीवर पॉवर बँक, अडॅप्टर, वायरींचं पाऊच. सॅटनॅवच्या बाईला ते 'हो बाई' म्हणून उत्तर देत. रस्ता चुकला की म्हणत, आपण हरवलेलो नाही, फक्त अजून पोचलेलो नाही.

लेस्टरच्या अलीकडे मोटरवेवरच्या सर्व्हिसेसना, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, कस्तुरीने गाडी आत घेतली. आईने कलशाला सांगितलं, "अहो, इथं जरा थांबतोय," आणि कलश पिशवीत घालून बरोबर घेतला. कॅफेत तो तिसऱ्या खुर्चीवर बसला. शेजारच्या टेबलावरची माणसं चिप्स खाता खाता त्याच्याकडे बघत होती. कस्तुरीची कॉफी तशीच राहिली. तिचं डोकं दुखायला लागलं होतं.

गाडीत परतल्यावर आईने कलशाला पट्टा लावला आणि तोंड उघडलं.

"आई, बास आता," कस्तुरी म्हणाली. "यंत्र सांगतंय ना सगळं? बाबांना इंग्रजी येत होतं."

आईने तोंड मिटलं. कस्तुरीने गाडी काढली.

थोडं पुढे गेल्यावर सॅटनॅवची बाई म्हणाली, शक्य होईल तिथे मागे फिरा. कस्तुरीने पडद्याकडे पाहिलं. गाडीचा बाण सर्व्हिसेसच्या कारपार्कमध्येच उभा होता. गाडी सत्तरच्या वेगाने चालली होती, लॉऱ्या मागे पडत होत्या, आणि बाण जागचा हलत नव्हता. पोचायची वेळ मात्र मिनिटामिनिटाने पुढे सरकत होती, उभ्या गाडीची सरकावी तशी.

कस्तुरी एका आयटी कंपनीत टेस्टिंग करायची. काही बिघडलं की तिला बरंच वाटे, कारण बिघाडाला कारण असतं. तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. बाण कारपार्कमध्ये. मग तिने स्वतःचा फोन लावला. त्यावर सगळं बरोबर होतं. जुनं यंत्र, अँटेना गेली असणार, असं ती मोठ्याने म्हणाली. 

तेवढ्यात आईचा फोन वाजला. खरं तर तो बाबांचा फोन. आई आता तोच वापरत होती. पुण्याहून नीनामावशी. प्रवासभर तिला यांचा ठिपका नकाशावर दिसत राहावा म्हणून कस्तुरीनेच सकाळी त्या फोनवरून लोकेशन पाठवून ठेवलं होतं.

"अगं, तुम्ही अजून त्या हॉटेलपाशीच?" मावशीचा आवाज स्पीकरवर आला. "केव्हाची बघतेय. जेवायला बसलात की काय?"

"नाही गं," आई म्हणाली. "निघालो आम्ही."

"ठिपका तर तिथंच आहे."

"हो," आई म्हणाली. "असेल." आणि तिने फोन ठेवला.

तिने कलशावरचं फडकं सारखं केलं. मग आई म्हणाली, "निघताना मी चला म्हटलं नाही."

आवाजात दोष नव्हता. तेच कस्तुरीला सहन झालं नाही. तिने उपग्रह समजावून सांगितले, सिग्नल समजावून सांगितले. दोन जुनी यंत्रं एकाच वेळी अडकू शकतात, असं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आई, तांब्या इथंच आहे. तुझ्या शेजारी. पट्टा लावलेला."

"तांब्या आहे गं," आई म्हणाली.

पुढच्या जंक्शनला कस्तुरी मोटरवेवरून उतरली. होडीवाल्याला फोन केला की उशीर होईल. "नो रश, लव्ह," तो म्हणाला, "नदी कुठं पळून जात नाही." उलट्या दिशेने सर्व्हिसेस ओलांडून मागच्या जंक्शनपर्यंत जायचं आणि तिथून पुन्हा वर यायचं, दुसरा मार्ग नव्हता. आईचं समाधान म्हणून करतेय, असं ती वाटभर स्वतःला सांगत राहिली.

कारपार्क आता तुडुंब भरला होता. जागेसाठी गाड्या घिरट्या घालत होत्या. मघाची त्यांची जागा मात्र रिकामी होती. कस्तुरीच्या देखत एक गाडी तिथे वळली, थबकली आणि पुढे निघून गेली.

कस्तुरीने त्या जागेसमोरच गाडी उभी केली. आई उतरली. पदर सारखा करून तिने पलीकडचं मागचं दार उघडून धरलं.

"अहो, चला," रोजच्या आवाजात ती म्हणाली. "उशीर होतोय."

वारा होता, कागदी कप घरंगळत होते. आई दार धरून उभी राहिली. चपला शोधणाऱ्या माणसासाठी थांबावं, तितका वेळ. मग तिने दार हलकेच लावलं, वळसा घालून आपल्या जागी बसली आणि मधला कलश उचलून मांडीवर घेतला, जागा व्हावी म्हणून.

सॅटनॅवचा बाण हलला. नदीचा रस्ता निळ्या रेघेने उमटला.

पुढचा प्रवास सुरळीत झाला. आई वळणं सांगत होती आणि कस्तुरी तिला काही म्हणत नव्हती. उलट तिला हलकं वाटत होतं. फक्त गाडीत तंबाखूचा वास येत होता, ओल्या लोकरीचाही. कारपार्कमधून आला असेल म्हणून तिने काचा थोड्या खाली केल्या. बाबांना सुपारीचंही व्यसन नव्हतं.

नदी संथ होती. होडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि टोपी काढून पाठ फिरवून बसला. कस्तुरीने कलश वाकवला. राख पाण्यावर क्षणभर पसरून राहिली, मग झेंडूच्या पाकळ्यांखाली गेली. आईने हात जोडले. ठरवलं होतं, तरी कस्तुरीला रडू आलं नाही. काम झालं, एवढंच वाटलं.

परत निघताना तिने सॅटनॅववर 'होम' दाबलं. लेकीचं घर बाबांनी स्वतः त्यात भरून ठेवलं होतं. यंत्राने मोटरवे टाळून आतल्या रस्त्याने नेलं, तेव्हा पुढे ट्रॅफिक असेल असं तिला वाटलं. मग पाट्यांवर नॉटिंगहॅम दिसायला लागलं. मिल्टन कीन्स दक्षिणेला, नॉटिंगहॅम उत्तरेला. वळायला हवं हे तिला कळत होतं. पण बाईचा आवाज ठाम होता, आणि आज तिने एकदा न ऐकून पाहिलं होतं.

शहराच्या कडेला लाल विटांच्या घरांची एक लांब ओळ होती. तिच्या मध्यावर बाई म्हणाली, आपण घरी पोचलात.

कस्तुरीने गाडी थांबवली. ही गल्ली तिने कधी पाहिली नव्हती.

समोरचं दार उघडलं. करडं कार्डिगन घातलेली एक म्हातारी बाहेर आली. ती कस्तुरीकडे बघत नव्हती, आईकडेही नाही.

तिने पलीकडचं मागचं दार उघडलं.

उघडं धरून उभी राहिली.

मग हलकेच लावलं.

"थँक्यू, डक," तिकडच्या लाडाच्या हाकेने ती खाली केलेल्या काचेतून म्हणाली. "त्याला रस्ता कधी लक्षातच राहत नाही."

ती परत निघाली. डावा हात कोपरात वाकवलेला, शरीरापासून जरासा दूर. एक पाऊल टाकायची, थांबायची, मग पुढचं टाकायची. उंबऱ्याशी ती थोडी जास्त थांबली. दार बंद झालं.

गाडीत तंबाखूचा वास राहिला नव्हता.

कस्तुरीचे हात स्टिअरिंगवर होते. काहीतरी बोलायला हवं होतं.

"अस्थी बाबांच्याच होत्या, आई," ती म्हणाली.

"त्यांच्याच होत्या."

आईने शेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवला. मग आई म्हणाली, "मी नुसतं 'अहो' म्हटलं."

ती उतरली आणि पुढे येऊन बसली. पट्टा लावला. तिचा चेहरा शांत होता, हिशेब चुकलेली जागा सापडल्यावर होतो तसा. कस्तुरीने विचारलं नाही. स्वतःच्या फोनवर मोटरवेवरची ती सर्व्हिसेस शोधली आणि गाडी वळवली.

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत, दवाखान्यात, क्रिमेटोरियममध्येसुद्धा विचारलं की ती कस्तुरीकडे बघायची, आणि कस्तुरी सांगायची.

ट्रामचे रूळ ओलांडून दोघी मोठ्या रस्त्याला लागल्या तेव्हा आईचे ओठ हलत होते. आधी नुसती हवा येत होती. मग पहिलं अक्षर. तिथंच ती अडखळली, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा सुरुवात केली.

"ज्ञानेश्वर," आई म्हणाली. नवऱ्याला नव्हे, एखाद्या लहान मुलाला हाक मारावी तसं. "ज्ञानेश्वर. ज्ञानेश्वर, चला."

"जमतंय," कस्तुरी म्हणाली.

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. फुटपाथवर कुणी नव्हतं. बसस्टॉपही रिकामाच होता. आईने एकदा तिकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले.

"काचा वर घे," ती कुजबुजली. "दुसऱ्या कुणाला नाव ऐकू जायला नको."

कस्तुरीने चारी काचा वर घेतल्या.