खिळ्यावरची बाटली

काड्यापेट्यांची खोकी चिकटवायची म्हणजे दिवसभर दोन्ही हात खळीत. लेकराला घ्यायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतल्या आमच्या गल्लीत घरोघरी नळीची बाटली. ती पाळण्यात ठेवायची, लांब रबरी नळीचं बोंड बाळाच्या तोंडात द्यायचं. बाळ आपलं आपण पीत राहतं. नळी सारखी धुवायची नाही, रबर सडतं, असं शेजारच्या टॅपलीबाईंनी बजावलं होतं. त्यांची नऊ बाळंतपणं झालेली. त्यातली जगली किती, हे मी मूर्खासारखं विचारलंच नाही.

माझा नेड त्याच बाटलीवर होता. पहिला दात आला तसा बोंड चावायला लागला, लबाड कुठला! ऑगस्टात त्याला हगवण लागली आणि आठवड्यात तो गेला.

फ्लोरा झाली तेव्हा आरोग्य खात्याच्या बाई आल्या. त्यांनी नळी माझ्या नाकाशी धरली. "हुंगा."

आतून कुजकट वास आला.

"हिला अंगावरच पाजा. आणि ही फेका आजच्या आज."

मी अंगावर पाजायला लागले. खोकी निम्मी झाली, पावही निम्मा झाला. होऊ दे, फ्लोरा जगायला हवी होती. बाटली मात्र फेकवेना. नेडचं तेवढंच उरलं होतं. रिकामी करून खिळ्याला टांगली.

एका दुपारी चोखण्याचा आवाज आला. फ्लोरा माझ्या छातीशीच होती, पण तोंड मिटून खिळ्याकडे बघत होती. उंदीर असेल म्हटलं. ओल आलेल्या भिंतीत काय काय वाजतं.

त्यानंतर फ्लोरा अंगावर पिईना. मी ओठांवर दूध पिळलं, ते गालावरून ओघळलं. दुसऱ्या दिवशी तिची टाळू खोल गेली. नेडचीही अशीच गेली होती.

मी बाटली उचलली आणि अंगणातल्या राखेच्या ढिगावर भिरकावली.

थोड्या वेळात टॅपलीबाई दारात. हातात तीच बाटली.

"अगं केझाया, जनाची नाही तर मनाची तरी! लेकरू भुकेनं टाहो फोडतंय नि तू बाटली टाकतेस? पार राखेच्या ढिगापर्यंत रडणं ऐकू येतंय!"

फ्लोरा माझ्या मांडीवर गप्प पडली होती. रडण्याइतकी शक्ती तिच्यात नव्हती.

बाई गेल्यावर मी बाटलीत दूध ओतलं. खिळ्याला टांगली.

बाटलीतलं दूध आपोआप कमी व्हायला लागलं.

फ्लोरानं तोंड उघडलं आणि ती माझ्या अंगावर प्यायली.

आता रोज आधी खिळ्यावरची बाटली भरते, मग हिला घेते. खोली सोडता येत नाही. एकदा हिला घेऊन बहिणीकडे गेले, तर हिनं दिवसभर तोंड उघडलं नाही. दूधही हल्ली जास्त लागतं, हिच्यासाठी नव्हे.

काल बोंड काढून पाहिलं. ते कोमट होतं. नेड गेला तेव्हा त्याला एकच दात आला होता.

बोंडावर चार दातांच्या खुणा होत्या.