कोकराची आई

"अहो, मेंढरं जरा बाजूला घ्या ना! माझी एस.टी. जाईल!"

"ती मगाशीच गेली, बाई," खांद्यावरची घोंगडी सावरत तो हसला. "आता तुमी न् मी... आन् ही दोनशे मेंढरं."

आटपाडीच्या फाट्यावर असा मला ज्ञानू भेटला. साल चौऱ्याहत्तर, दिवाळी नुकतीच सरलेली. मी सांगलीत बी.एड. करत होते आणि धनगरवस्तीवरच्या मुलांची बुद्धिमापन चाचणी घ्यायला निघाले होते. वस्ती त्याचीच निघाली. मेंढरं थोरल्या भावावर सोपवून तो मला वाट दाखवायला आला. मी त्याच्याकडे तीनदा चोरून पाहिलं. चौथ्यांदा त्यानं पकडलं.

"पायाखाली बघा, बाई. काटं हायती."

मी लाजले आणि चिडलेही... मला दोन्ही एकदमच येतं.

वस्तीवर बाभळीखाली अठरा मुलं बसली. चित्रात काय कमी आहे? टेबलाचा पाय, छत्रीची दांडी... एकही बोलेना. ज्ञानूची धाकटी बहीण हरणा तर नुसती माझ्या बांगड्यांकडे बघत राहिली. मला परतीची गाडी गाठायची होती. सगळ्यांच्या नावापुढे मी भराभर लिहिलं: मंद, मंद, मंद. वस्तीला शाळा द्यायची की नाही, ते याच अहवालावर ठरणार होतं.

"माझी भन मंद?" खांद्यामागून आवाज आला.

मी दचकले. "तुम्हाला... वाचता येतं?"

"मॅट्रिक झालोय." तो आता हसत नव्हता. "सांजपतूर थांबा. मग लिवा काय ते."

गाडी चुकणार होती. तरी थांबले. का, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नसतं.

दिवेलागणीला मेंढरं चरून आली. दिवसभर कोंडलेल्या साठ-सत्तर कोकरांनी कालवा मांडला होता. हरणा एकेक कोकरू उचलायची, गर्दीत घुसायची आणि नेमकी त्याच्या आईपाशी सोडायची. एकदाही चुकली नाही. मीही एक उचललं, अंदाजानं एका मेंढीपाशी नेलं... तिनं अशी ढुशी दिली की मी लेंड्यांतच बसले! सारी वस्ती हसली. हरणानं मला हात दिला.

"आवं, ह्याची आय ती पलीकडची. तोंडावळा दिसत न्हाई व्हय?"

मला खरंच दिसत नव्हता. फार लाज वाटली. रात्री त्यांच्याच घरी राहिले आणि अहवाल फाडून नवा लिहिला.

सांगलीत सरांनी तो वाचून चष्मा काढला. "मुलं हुशार आणि चाचणीच नापास? शरयू, प्रेमातबिमात पडलीस की काय?"

"ते वेगळं, सर," मी बोलून गेले. "पण प्रश्नच चुकीचे होते."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे. मंद मी लिहिणार नाही."

सरांनी वैतागून अहवाल पुढे धाडला आणि मला त्या प्रात्यक्षिकात नापास केलं.

शनिवारी पुन्हा एस.टी. तासगाव गेलं, भिवघाट गेला. जीव थाऱ्यावर नव्हता. आज ज्ञानूच्या घरची मेंढरं घाटाकडं निघणार होती, ती मृगापर्यंत परतणार नव्हती.

कळप वाटेला लागलाच होता. धावत जाऊन मी एका दमात सगळं सांगितलं.

"लय राग आला हुता," तो म्हणाला. "अजून बी हाय थोडा."

"असू दे. मला तुम्ही आवडता, ज्ञानू. राग गेल्यावर सांगणार होते... पण मला थांबायला जमत नाही."

मेंढरं पुढे गेली. तो तिथंच उभा. "घरचे काय म्हंतील तुमच्या? आमी असं रानोमाळ..."

"ओरडतील. मीही ओरडेन."

त्याला हसू आवरेना. "मिरगाला माघारी आलो की येतो सांगलीला. तुमच्या वडलांना भेटाय."

"सात महिने? छे! मुक्काम कुठं कुठं ते सांगा. मी येते."

तो बोटांवर मोजत सांगू लागला... मायणी, पुसेसावळी, उंब्रज, फाल्गुनात मेढा. मी त्याच्यामागून एकेक गाव म्हणत गेले, आणि उंब्रज दोनदा विसरले.

"परत," तो म्हणाला, आणि मी पहिल्यापासून सुरू केलं.